हस्तलिखितांचे छायाचित्रण : आधारव्यवस्था

जीर्ण ग्रंथाचे, पोथीचे वा कागदपत्राचे डिजिटल कॅमेऱ्याने (अंकीय पद्धतीने) चित्रण चालू असताना त्याच्या बांधणीवर व पानांवर ताण येऊ नये म्हणून त्याखाली, त्याभोवती व क्वचित त्यावर योजलेल्या साधनांना एकत्रितपणे आधारव्यवस्था म्हणतात. तीत आधारपीठ, पाचरी, तक्ते, पाने धरून ठेवणाऱ्या पट्ट्या व हलकी वजने यांचा समावेश होतो. कॅमेरा व दिवे यांच्या मानाने ही साधने साधी व स्वस्त असतात आणि बहुधा त्यामुळेच त्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो. चित्राचा दर्जा बराचसा कॅमेऱ्यावर अवलंबून असतो. चित्रणानंतर हस्तलिखित कोणत्या स्थितीत उरेल, हे मात्र आधारव्यवस्थेवर अवलंबून असते.

चित्रणातील धोका कोठे आहे हे आधी पाहणे इष्ट ठरेल. वाचक एखादा संदर्भ पाहण्यासाठी पोथीची चार-दोन पत्रे उघडतो. सूचिकार आरंभ, शेवट व पुष्पिका पाहून पोथी पुन्हा बासनात बांधतो. दोनशे पत्रांच्या पोथीचे चित्रण करावयाचे, तर मात्र प्रत्येक पत्र उचलले जाते, मांडले जाते, उलटले जाते व परत ठेवले जाते. म्हणजे एक-दोन दिवसांत आठशे वेळा हाताळणी होते. कित्येक पोथ्यांच्या बाबतीत शतकभरात सर्व पत्रे हलविली जाण्याचा हा पहिलाच प्रसंग असतो. तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून ग्रंथाला जपावे, अशी विनवणी जुने लेखनिक पोथीच्या अखेरीस करीत. बांधणी सैल झाली की पत्रे एकमेकांवर घासतात व कडा झिजतात, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

सूक्ष्मपटापासून अंकीय चित्रणापर्यंत : विसाव्या शतकात हस्तलिखितांच्या प्रती प्रामुख्याने सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) घेतल्या जात. त्यासाठी कॅमेरा उभ्या दांड्यावर टेबलाशी काटकोनात बसविलेला असे व ग्रंथाची समोरासमोरची दोन्ही पाने एकाच प्रतलात यावी लागत. याकरिता ग्रंथ पूर्ण उलगडून त्यावर काच दाबीत. काचेखालील स्प्रिंगांचे पीठ ग्रंथाला वर रेटीत असे. बांधणी घट्ट असेल, तर ती उसविण्याचाही प्रघात होता. पुढे आलेल्या झेरॉक्स यंत्रात तर ग्रंथ पालथा घालून वरून दाबावा लागे. या काळात कॅमेरा स्थिर आणि ग्रंथाने त्याच्याशी जुळवून घ्यावयाचे, अशी पद्धत रूढ झाली व तिचा पगडा अद्यापही पुरता गेलेला नाही.

डिजिटल कॅमेऱ्याने ही गरज नाहीशी केली. प्रत्येक पान स्वतंत्रपणे, कोणत्याही कोनातून टिपता येते व पानांचा क्रम नंतर संगणकावर लावता येतो. चित्र लागलीच पडद्यावर दिसत असल्याने फसलेल्या चित्रासाठी सबंध ग्रंथ पुन्हा उलगडावा लागत नाही. ग्रंथ त्याला सोसेल तेवढाच उघडून कॅमेरा त्याच्याकडे वळविणे, हे आता तांत्रिक दृष्ट्या सहज शक्य आहे. तरीही सपाट क्रमवीक्षकावर (स्कॅनरवर) पोथ्या पालथ्या घालण्याचे प्रकार घडतात. कारण कामाचे मोजमाप चित्रांच्या संख्येने होते. भारत सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन केले आणि २०२५ मध्ये हे कार्य ‘ज्ञान भारतम्’ या नावाने, एक कोटीहून अधिक हस्तलिखिते डोळ्यांसमोर ठेवून, हाती घेतले. एवढ्या मोठ्या संख्येत प्रत्येक पत्रामागील काही सेकंदांची घाई कागदोपत्री मोठी बचत ठरते; तिचे मोल मात्र पत्रांच्या कडा देतात.

बांधीव ग्रंथ : शिवलेल्या ग्रंथात पाने पाठीशी (कण्याशी) दोऱ्याने व सरसाने जखडलेली असतात. ग्रंथ उघडला म्हणजे पाठ आतून फाकते, बाहेरून आखडते आणि पानाचा वाक पाठीलगतच्या अरुंद पट्ट्यात एकवटतो. कागद लवचिक असेल, तर तो वाक घेतो; ठिसूळ असेल, तर नेमका त्याच रेषेवर तुटतो. पाठीवर नंतरच्या काळात कडक सरस थापला असेल, तर धोका अधिक असतो. आर्किमिडीजच्या ग्रंथांचा पुसून पुन्हा लिहिलेला प्रसिद्ध चर्मपत्री ग्रंथ १९९८ च्या लिलावानंतर बॉल्टिमोर येथील वॉल्टर्स कला संग्रहालयात चित्रणासाठी ठेवण्यात आला. त्याच्या पाठीवर आधुनिक कृत्रिम सरस चोपडलेला असल्याने पाने सुटी करण्याच्या कामातच सु. चार वर्षे गेली.

उघडण्याचा कोन किती असावा याचे सरसकट उत्तर देता येत नाही. ग्रंथ टेबलावर ठेवून वरचे पुठ्ठे हलक्या हाताने उचलत जावे. जेथे अडखळा जाणवतो, तेथे थांबावे. हा कोन बहुतेक जुन्या ग्रंथांत ९०° ते १२०° च्या दरम्यान येतो. तो ग्रंथाच्या मध्यावर व दोन्ही टोकांना वेगवेगळा असू शकतो, म्हणून तीन ठिकाणी पाहून घ्यावा व सर्वांत लहान कोन प्रमाण मानावा. हा कोन धरून ठेवण्यासाठी दोन्ही पुठ्ठ्यांखाली पाचरी देतात. फेसयुक्त पाचरींचा वापर ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील ग्रंथसंरक्षक क्रिस्टोफर क्लार्कसन (१९३८–२०१७) यांच्या पुरस्कारामुळे सर्वत्र पसरला. पाचरींमध्ये पाठीपुरती फट ठेवतात व पाठीखाली घडी केलेली मऊ पट्टी सारतात. पाठ अधांतरी लोंबली, तर पानांचे सर्व वजन शिवणीवर येते. उलट ती खालून रेटली गेली, तर सरस तडकतो.

पाने उलटत गेली की डावीकडील थर वाढतो व उजवीकडील घटतो, ही गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. सहा सेंमी. जाडीच्या ग्रंथात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाताना पानाची पातळी जवळजवळ तेवढीच सरकते. कॅमेरा एक मीटर अंतरावर असेल, तर चित्राच्या आकारात सु. ६ टक्के फरक पडतो. शिवाय अशा चित्रणात सुस्पष्टतेची खोली बहुधा एक-दोन सेंमी.च असल्याने अक्षरे अंधुक होऊ लागतात. यावर उपाय म्हणजे दर वीस-पंचवीस पानांनंतर एका बाजूचे पातळ तक्ते काढून दुसऱ्या बाजूला घालणे. यांत्रिक आधारपीठांत हे काम प्रतिभाराने वा स्क्रूने होते. तक्ते बदलण्याचा कंटाळा करून छायाचित्रकार पान बोटांनी दाबून खाली आणू लागला, की आधारव्यवस्थेचा हेतूच फसला असे समजावे.

ऑस्ट्रियातील ग्राट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात मानफ्रेड मायर यांनी तयार केलेल्या चित्रणमेजात या अडचणींचा एकत्र विचार केलेला आढळतो. त्यात एक पुठ्ठा आडवा टेकलेला व दुसरा तिरपा उभा असतो. टिपावयाचे पान कडेपाशी सौम्य शोषणाने धरलेले असते, म्हणून त्यावर काच ठेवावी लागत नाही. कॅमेरा पानाशी काटकोनात आहे की नाही, हे लेसर किरणाने पाहतात. त्याची घडी घालून प्रवासात नेता येणारी आवृत्तीही आहे. जर्मनीतील व्होल्फेनब्युटेल येथील हेर्त्सोग आउगुस्ट ग्रंथालयात विकसित झालेल्या ‘ग्रंथदर्पणा’त ग्रंथ केवळ ४५° उघडतात व आत उतरविलेल्या लोलकाच्या साहाय्याने पान टिपतात. ही यंत्रे महाग आहेत. परंतु त्यांमागील तत्त्व लाकडी पाट, बिजागरी व पाचरी यांवर भागविता येते. अशा साध्या पीठावर प्रथम सर्व उजवी पाने व नंतर ग्रंथ फिरवून सर्व डावी पाने टिपतात. ग्रंथ दोनदा चाळावा लागतो हे खरे, पण प्रत्येक वेळी एकच बाजू उघडी राहत असल्याने पाठीवरील ताण कमी होतो. पत्रांक चुकू नयेत म्हणून दोन्ही फेऱ्यांची चित्रसंख्या ताडून पाहावी लागते.

काचेचा वापर केव्हा करावा, हा वादाचा विषय आहे. सुरकुतलेल्या, पण चिवट कागदावर काच अलगद टेकविणे क्षम्य आहे. खाली मऊ फेस असल्यास दाब सर्वत्र सारखा पडतो. सुटू लागलेला रंग, सोन्याचा वर्ख, पापुद्रे धरलेली शाई यांवर काच टेकवू नये. आपल्याकडील काळी शाई काजळी व डिंक यांची असते आणि डिंक पाण्यात विरघळतो. पावसाळी हवेत काच उचलताना अक्षराचा अंश तिला चिकटून आल्याची उदाहरणे आहेत. काचेऐवजी ॲक्रिलिकचा तक्ता हलका म्हणून वापरणे तर घातकच होय. पुसताना त्यावर स्थितिक विद्युत् भार साचतो व तो सुटे कण वर ओढून घेतो.

प्रस्तुत लेखकाने एका खाजगी संग्रहात अभंगांचे एक बाड पाहिले होते. बाडात लांबट पाने आखूड बाजूला शिवलेली असतात व ती खालून वर उलटली जातात. चित्रण करणाऱ्याने ते सामान्य पुस्तकाप्रमाणे आडवे ठेवून सपाट दाबले. पहिल्या साठ पानांची चित्रे अत्यंत सुंदर आली; त्यानंतर शिवण तुटून मधला जुज बाहेर आला व काही पानांचा क्रम कायमचा संदिग्ध झाला, कारण त्यांवर पत्रांक नव्हते. पाचरीचा एक तुकडा वरच्या अंगाला दिला असता, तर हे टळले असते.

साधनांचे पदार्थ : पाचरींसाठी पॉलिएथिलिनाचा घट्ट फेस उत्तम, कारण तो वर्षानुवर्षे भुगा होत नाही व अपायकारक वायू सोडत नाही. गाद्या-उशांतील पॉलियुरेथेनाचा फेस सहज मिळतो, परंतु काही वर्षांत तो चिकट वा पिठूळ होतो. फेसावर रंग न दिलेले, खळ धुऊन काढलेले सुती कापड चढवितात. रंगीत मखमल दिसण्यास शोभिवंत असली, तरी तिचे तंतू ठिसूळ कडांत अडकतात. पान धरून ठेवण्यासाठी पारदर्शक पॉलिएस्टर पटलाच्या बोटभर रुंद पट्ट्या व शिशाचे छर्रे भरलेल्या कापडी नळ्या वापरतात. नळी कोऱ्या समासावर ठेवावी, अक्षरांवर नव्हे. चिकटपट्टी, रबरी बंध, टाचण्या व कागदी चिमटे यांना मेजाजवळ स्थान नसावे.

भारतीय पोथी : सुट्या पत्रांच्या पोथीला पाठ नसते, हा तिचा मोठा फायदा. जुन्नर वा दौलताबाद येथील हातकागद खळ देऊन व घोटून तयार केलेला असल्याने शतकांनंतरही पुष्कळदा चांगल्या स्थितीत आढळतो [⟶ कागद]. तथापि त्याच खळीमुळे कसर लागते. पत्राचे कोपरे बोटांच्या स्पर्शाने काळवंडलेले व मऊ झालेले असतात. पत्र कोपऱ्याला धरून उचलले, की कोपरा हातात येतो. म्हणून जाड, गुळगुळीत कागदाचा तक्ता पत्राखाली लांब बाजूने सरकवून पत्र तक्त्यासह उचलावे. पोथीचे पत्र लांब कडेवर, खालून वर उलटतात. तसे उलटताना दुसरा तक्ता वर ठेवून दोहोंमध्ये पत्र धरावे व दोन्ही तक्ते एकदम पालथे करावे. यास सरावाने फारसा वेळ लागत नाही.

चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाने झाकण्याची रीत पोथ्यांत सर्वत्र दिसते; ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. हरताळ हे आर्सेनिकाचे सल्फाइड असून विषारी आहे. त्याची पूड आधारपीठावरील कापडावर उतरते, म्हणून कापड वेळोवेळी बदलावे व काम संपताच हात धुवावेत. सचित्र पोथ्यांतील तांब्यापासून केलेला हिरवा रंग (जंगाल) कागद जाळतो; हिरव्या चौकटीच्या रेषेवर पत्र आतून सुटलेले असते आणि वरवर पाहता ते अखंड वाटते. अशी पत्रे पोलादी मोजपट्टीप्रमाणे ताठ, अखंड तक्त्यावरूनच हलवावीत. पोर्तुगीज राजवटीतील गोव्याच्या जुन्या दप्तरांत हेच कार्य लोहयुक्त शाईने केलेले आढळते. तेथे अक्षरांच्या जागी जाळी पडलेली असते व पान उलटताना शब्दच्या शब्द गळून पडतात.

कसरीने पडलेली छिद्रे चित्रणात एक निराळाच घोटाळा करतात. बांधीव ग्रंथात वा पत्रांच्या गठ्ठ्यात वरच्या पानाच्या छिद्रातून खालच्या पानावरील अक्षर दिसते. प्रत्यक्ष हस्तलिखित हाती असताना डोळा ते ओळखतो. चित्रात मात्र दोन्ही अक्षरे एकाच पातळीवर येतात. एखादी मात्रा, अनुस्वार वा काना अशा रीतीने संपादकाच्या पाठात शिरू शकतो आणि पाठभेद म्हणून नोंदला जाऊ शकतो. प्रत्येक पानामागे पानाच्या रंगाहून किंचित वेगळ्या छटेचा कोरा कागद सारणे, हा यावरील अगदी सोपा उपाय आहे; हाच कागद पानाला आधारही देतो. खर्चिक यंत्रसामग्री असलेल्या काही संग्रहांतील चित्रांतही तो दिसत नाही, याचे नवल वाटते.

ताडपत्रे : ताडपत्र तंतूंच्या दिशेने लांबट व चिवट असते, परंतु त्या दिशेनेच ते चिरते. दक्षिणेत लोखंडी कंटकाने अक्षरे कोरून त्यांत काजळी भरीत. गुजरात-राजस्थानातील जैन ग्रंथ बहुधा शाईने लिहिलेले आहेत. वाळलेले पान पन्हळीसारखे वळते. त्याला सपाट करण्यासाठी दाब दिला, तर ते मधोमध उभे फाटते. पन्हळ तशीच ठेवून तिच्या दोन्ही कडांखाली कापडाच्या बारीक सुरळ्या द्याव्यात. पान मऊ करण्यासाठी गवती चहाच्या जातीच्या गवताचे तेल लावण्याची पद्धत जुनी आहे; पण ते काम संरक्षकाचे आहे, छायाचित्रकाराने ऐन वेळी करावयाचे नव्हे. ओवलेली दोरी ताणून काढू नये. ती ठिसूळ असल्यास कापून काढावी व भोकांच्या जागा, पानांचा क्रम व पाट्या यांची नोंद आधी करावी. कोरलेल्या अक्षरांतील काजळी गेली असेल, तर एका बाजूने तिरपा प्रकाश टाकल्यास ती सावलीने वाचता येतात. त्या वेळी पान आधारावर किंचितही डुलता कामा नये.

अनेक ताडपत्रे एकाच चित्रात घ्यावीत काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ४५ सेंमी. लांबीचे पान प्रती इंच ४०० चित्रघटक (पिक्सेल) या प्रमाणात टिपावयाचे, तर लांबीवर सु. ७,१०० चित्रघटक लागतात. दोन कोटी चाळीस लाख चित्रघटकांच्या कॅमेऱ्यात लांब बाजूस केवळ ६,००० असतात. साडेचार कोटींच्या कॅमेऱ्यात ते सु. ८,२०० असतात. म्हणजे मर्यादा पानाच्या लांबीने पडते, रुंदीने नव्हे. चौकटीत एकाखाली एक चार-पाच पाने मांडल्याने स्पष्टता घटत नाही. पाने निर्दोष असल्यास अशी मांडणी करण्यास हरकत नाही. मात्र पाने भंगलेली असल्यास ती एकेक करूनच टिपावीत, कारण पाच पाने मांडून होईपर्यंत पहिली चार उघडी पडून राहतात, पंख्याच्या वाऱ्याने तुकडे जागा सोडतात आणि कोणता तुकडा कोणत्या पानाचा हे सांगता येत नाही.

भूर्जपत्रे : सर्वांत अधिक काळजी भूर्जपत्रांची घ्यावी लागते. भूर्जाची साल अनेक पातळ थरांची असते. त्यांना धरून ठेवणारे नैसर्गिक द्रव्य कालांतराने निकामी होते व थर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे उचलले जातात. अक्षर सर्वांत वरच्या थरावर असते. गेऑर्ग ब्यूलर यांनी १८७५ मध्ये मुंबई सरकारसाठी काश्मीरमध्ये जमविलेल्या संग्रहात शारदा लिपीतील अशी हस्तलिखिते होती. ती डेक्कन कॉलेजातून १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आली. तेथील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांचा युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदपटात २००७ मध्ये समावेश झाला. त्यांपैकी एक भूर्जपत्रावर आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत आदिपर्वाचे संपादन करताना वि. सी. सुखटणकर यांनी शारदा लिपीतील एका अपुऱ्या भूर्जप्रतीला फार महत्त्व दिले होते (१९३३). एका पापुद्र्याबरोबर काय जाऊ शकते, याची कल्पना यावरून येईल.

भूर्जपत्र ज्या पाठकागदावर वा ज्या वेष्टनात असेल, त्यासकटच टिपावे. पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेल्या बख्शाली हस्तलिखिताची पत्रे बॉडलियन ग्रंथालयात अभ्रकाच्या पातळ पत्र्यांमध्ये बसविलेली आहेत. अशा वेळी परावर्तन टाळण्यासाठी दिवे अधिक तिरपे करावेत, अभ्रक काढू नये. सुट्या पत्रासाठी शोषणमेज, काच व ॲक्रिलिक यांपैकी काहीही वापरू नये. तक्त्यावर ठेवलेले पत्र हलवावयाचे तर तक्ताच हलवावा. गुंडाळून वा दुमडून सुकलेले भूर्जपत्र कोरडे असताना उलगडू नये. आर्द्रता देऊन ते उलगडण्याचे काम प्रशिक्षित संरक्षक अनेक दिवसांत करतो. तशी सोय नसेल, तर बाहेरून दिसेल तेवढेच टिपून थांबावे. काळ्या पडलेल्या सालीवरील काजळीची अक्षरे अवरक्त प्रारणात (दृश्य वर्णपटातील तांबड्या रंगाच्या अलीकडील अदृश्य प्रारणात) पुष्कळदा स्पष्ट होतात. साधे व अवरक्त चित्र एकमेकांवर जुळावयाचे असल्याने दोन्ही वेळी पत्र तसूभरही सरकू देऊ नये. आधार भक्कम नसेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ जातो.

मोडी कागदपत्रे व गुंडाळ्या : रुमालात बांधलेल्या मोडी कागदांची मुख्य अडचण म्हणजे घड्या. पत्र उभ्या घड्यांत दुमडलेले असते व घडीची रेष सर्वांत कमकुवत असते. घडी उलट दिशेने मोडून कागद सपाट करू नये. ती उलगडून कडेच्या समासावर छर्ऱ्यांच्या नळ्या ठेवाव्यात व दहा-पंधरा मिनिटे कागद आपोआप बसू द्यावा. एकामागे एक कागद डकवून केलेल्या लांब बंदांचे आणि जन्मपत्रिकांसारख्या गुंडाळ्यांचे चित्रण दोन मऊ नळकांड्यांवर करतात. एकीवरून उलगडत दुसरीवर सैलसर गुंडाळत जावे. दोहोंमधील भाग टेबलावर पूर्ण टेकलेला असावा, ताणलेला नसावा. प्रत्येक चित्रात आधीच्या चित्रातील चार-पाच ओळी पुन्हा याव्यात.

प्रकाश, उष्णता व आर्द्रता : आधार कितीही चांगला असला, तरी दिव्यांच्या उष्णतेने पान आखडते व आधारावरून उचलले जाते. चर्मपत्र व ताडपत्र यांत हा परिणाम डोळ्यांदेखत दिसतो. जुन्या तप्त तारेच्या दिव्यांची जागा आता एलईडी दिव्यांनी घेतली आहे. त्यांची उष्णता पुष्कळच कमी असते व जंबुपार प्रारण (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य प्रारण) जवळजवळ नसते. दिवे दोन्ही बाजूंना सु. ४५° कोनात ठेवून चित्र घेतेवेळीच पूर्ण उजळावेत. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास राखावी. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ती एकाएकी बदलू नये. कोकणातील दमट भांडारातून आणलेली पोथी वातानुकूलित खोलीत लगेच उघडली, तर पत्रे काही वेळातच कडांशी वळू लागतात. ती बासनासह किमान एक दिवस त्या खोलीत ठेवावी.

कार्यपद्धती : चित्रणापूर्वी ग्रंथ तपासून उघडण्याचा कोन, सुटी पाने, चिकटलेली पाने, गळणारे रंग यांची एका कागदावर नोंद करावी व ती आधारपीठाशेजारी ठेवावी. कामाला दोन माणसे असावीत : एकाने केवळ हस्तलिखित हाताळावे, दुसऱ्याने केवळ कॅमेरा. एकाच माणसाचे एक लक्ष पडद्यावर व एक हात पानावर असला, की पाने फाटतात. सुती हातमोज्यांविषयी पुष्कळ गैरसमज आहे. मोज्यांमुळे बोटांची स्पर्शसंवेदना कमी होते व विणीत पानाची कड अडकते. कागद व ताडपत्रे यांसाठी स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात अधिक सुरक्षित होत. विषारी रंग वा जुन्या कीटकनाशकाचा संशय असल्यास नायट्राइल रबराचे पातळ मोजे घालावेत. चिकटलेली पाने पट्टी घालून सोडवू नयेत; त्या जागी ‘पाने चिकटलेली’ अशी चिठ्ठी टिपून पुढे जावे. अपूर्ण चित्रण पुढे कधीही पूर्ण करता येते, म्हणून नकार देण्याचा अधिकार हाताळणाऱ्यास स्पष्टपणे दिलेला असावा. कंत्राटात चित्रसंख्येचे दैनिक उद्दिष्ट घालणाऱ्यांनी हे कलम वगळू नये.

दर दिवसाचे काम संपल्यावर आधारपीठ झटकू नये. पीठावरील कापडावर व तक्त्यांवर पडलेले कण आणि तुकडे मऊ कुंचल्याने गोळा करून पत्रांक, दिनांक व पीठावरील जागा लिहिलेल्या छोट्या कागदी पाकिटात घालतात आणि ते पाकीट पोथीबरोबरच बासनात ठेवतात. अक्षर असलेला तुकडा असेल, तर पाकिटात घालण्यापूर्वी त्याचे दोन्ही बाजूंनी स्वतंत्र चित्र घेऊन ते संबंधित पत्राच्या चित्रांलगत जोडतात.